लोंबीवाला पैसा

बावड्यात बसून अमेरिकेच्या सरकारवर रोज चिडणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे: आमचे शेजारी नामदेवतात्या. सरकारचा गुन्हा तसा जुना. तिकडच्या तांब्याच्या पैशावर मागे गव्हाच्या दोन लोंब्या असत. पुढे कुणा शहाण्याने त्या काढून तिथे इमारत छापली.

"उभं पीक काढलं आन तितं बिल्डिंग ठोकली. ह्यो काय न्याय हाय?"

एसटी चुकली, चहात साखर कमी पडली, तरी हेच वाक्य.

हे वेड लावलं मुलाने. दिलीप सात वर्षांपूर्वी इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला, आणि पहिल्याच पत्रात त्याने लोंबीवाला पैसा चिकटवून पाठवला. मग प्रत्येक पत्रात एक. तात्यांनी काकूंचा मसाल्याचा डबा जप्त करून त्यात पैसे मांडले. हळद-मोहरी तेव्हापासून कागदाच्या पुड्यांत आहे. पैसा बघायला मागितला तर आधी आपल्याला हात धुवावे लागतात.

"कडंला धरा मास्तर. घाम लागला की किंमत गेली."

एका दिवाळीला काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर अकरा पैसेही चिंचेने लख्ख घासले. तात्या आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. जुना काळपट रंग हीच नाण्याची किंमत, घासलं की नाणं मेलं, हे त्यांनी मला मात्र आठही दिवस ऐकवलं.

डब्यात कमी होता फक्त एक. एकोणीसशे नऊ सालचा, सालाखाली बारीक एस असलेला, फार दुर्मीळ. पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायचं काम माझं, म्हणून प्रत्येक पत्राचा शेवट मला पाठ होता: 'तो पोस्टानं पाठवू नको. पोस्टाचा भरवसा न्हाय. तू स्वतः घेऊन ये.'

आपल्या पोस्टाने आजवर लग्नपत्रिकासुद्धा हरवलेली नाही, असं मी एकदा म्हणालो.

"तुमी पोस्टाची बाजू घिऊ नका," तात्या म्हणाले.

यंदा जानेवारीत रजिस्टर पार्सल आलं. दिलीपने लिहिलं होतं, याही वर्षी रजा नाही, म्हणून पाठवतोय. तात्या पोस्टमनवरच उखडले. "आला कसा ह्यो? गहाळ कसा न्हाय झाला?" वस्तू पोचवली म्हणून शिव्या खाण्याची त्या बिचाऱ्याची पहिलीच वेळ. मी भिंगातून पाहिलं, सालाखाली एस होता. मला दिलीपचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी पत्ता घालायला गेलो, तर तात्या ओट्यावर बसलेले. पुढ्यात चिंचेची वाटी. एस असलेला तो पैसा ते अंगठ्याने घासत होते.

"घाला पत्ता," मान वर न करता ते म्हणाले. "नाणं खराब निघालं म्हणून कळवलंय. आता दुसरं घिऊन यायला सांगितलंय. हातानं."

काकू दारात उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी चिमूटभर मीठ आणलं आणि वाटीत टाकलं.

"आता घासा," त्या म्हणाल्या. "मिठाबिगर निघत न्हाय."