बाबलकाका आणि रक्ताचं कलम

माझ्या चुलतभावाच्या लग्नाला तीन दिवस झाले होते. सत्यनारायणाच्या पूजेला आमच्या कुणकेश्वरच्या घरी ही गर्दी. बाबलकाका प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्या काकूपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय वैनी, धरला काय?"

नवी नवरी पदर सावरत आत पळाली. काकूच्या हातून पळी पडली. काकांना मात्र आपण काय गैर बोललो ते आजतागायत कळलेलं नाही.

बाबलकाका आमचे शेजारी. आंब्याची कलमं बांधणं हा त्यांचा धंदा. रायवळ रोपाला हापूसची काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि वाट बघायची. काडीला नवी पालवी फुटली की कलम धरलं, काकांच्या बोलीत 'धरला'. धरेपर्यंत काका कशालाच खरं मानत नाहीत. नाक्यावर कुणी दुकान काढलं, धरला? देवळात नवा पुजारी आला, धरला? मला पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा आईने दिलेला पेढा त्यांनी डब्यात ठेवून दिला. सहा महिन्यांनी मी कायम झाले, तेव्हा मुंग्यांनी अर्धा संपवलेला तो पेढा त्यांनी माझ्यासमोर खाल्ला. "आता गोड लागता," म्हणाले.

गणपतीला मी घरी गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाय, तू थयसर करतंस तरी काय?"

मी सांगितलं. आपल्या हाडांच्या आत काही मोजक्या पेशी असतात. जन्मभर सगळं रक्त त्याच तयार करतात. कुणाच्या त्या बिघडल्या तर दुसऱ्याच्या आणून घालाव्या लागतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही त्या असतात, पण इतक्या थोड्या, की मोठ्या माणसाला पुरत नाहीत. त्या आम्ही प्रयोगशाळेत वाढवायला बघतो.

काका पाटावरून उठलेच. "म्हणजे रक्ताची रोपां! आणि मगे दुसऱ्याच्या हाडात लावतलास?"

"आधी उंदरांच्या. तिथे टिकली तरच पुढचं."

"गो, ह्या तर कलम!" आणि ते ही बातमी सांगायला वाडीभर गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "बाय, पोरांका जेवाण घातलंस?" पेशींना ताजं खाद्य द्यावं लागतं, सुट्टी असो की सण. त्यापायी माझी आंगणेवाडीची जत्रा बुडाली तर घरचे रुसले, काका उलट खूष. "रोपां टाकून जत्रेक येता तो कसलो कलमवालो?"

आमची खरी अडचण निराळी होती. पेशी वाढायच्या, पण वाढता वाढता पोक्त व्हायच्या. साध्या रक्तपेशी बनायच्या आणि पुढे रक्त तयार करायचा गुण हरवून बसायच्या. काकांनी फोनवर निदान केलं, "लाड करतंस तू. खाऊक घालून घालून मोठी करतंस. जरा उपाशी ठेव."

मी हे प्रयोगशाळेत हसत हसत सांगितलं. आमच्या प्रमुख मॅडम हसल्या नाहीत. "अगदीच चूक नाही बोलत ते," म्हणाल्या. खाद्यातले काही पदार्थ कमी करून बघायचं त्यांच्या मनात आधीपासून होतंच. आम्ही ते केलं, आणि त्या पेशी उंदरांना दिल्या. मग कित्येक महिने वाट बघणं.

निकालाच्या सकाळी काका न सांगता एसटीने पुण्यात हजर! धोतर, इस्त्रीचा सदरा, हातात फणसाची पिशवी. आत सोडायची परवानगी नव्हती, म्हणून मॅडमनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. ते बसले नाहीत. दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले.

आत यंत्रातून उंदराच्या हाडातली एकेक पेशी लेझरसमोरून जात होती. उंदराची असली तर पडद्यावर ठिपका इकडे, माणसाची असली तर तिकडे. आधी सगळे ठिपके इकडेच. मग तिकडे एक, दोन, आणि मग नुसती दाटी! दुसऱ्या उंदरात तसंच, तिसऱ्यातही. मॅडमनी खुर्ची मागे ढकलली, दार उघडलं आणि विदर्भातल्या त्या बाईंनी काकांच्या तोंडावर ओरडून सांगितलं, "काका, धरला!"

काकांनी वॉचमनला मिठी मारली. आमच्यातले दोघे चक्क नाचले. फणस तिथेच फोडला. हाताला तेल कुणी लावायचं यावरून भांडणं झाली.

गडबडीत काका माझ्याजवळ आले. "ह्या रक्त खंयच्या बाळाचा गो?"

"माहीत नाही. बाटलीवर नुसता नंबर असतो. बाळंतपणात आई सही करून देते."

"मगे तिका कोण सांगतला?"

"कुणी नाही. नावं कळू द्यायची नाहीत, असा नियम आहे."

काका बाकावर बसले. म्हणाले, "मी मूळचो मसुऱ्याचो. तुका ठाऊक नसतला."

मला खरंच ठाऊक नव्हतं.

"अकरा दिवसांचो होतंय. आत्येक मूल नव्हता, म्हणान माका कुणकेश्वरात दिल्यानी. मगे दोन घरांचा बिनासला. येणाजाणा बंद. माका जल्म दिलेली आवस जत्रेक येय, लांबसून माका बघी. मी बरो आसंय काय, ता विचारूक तिका तोंड नव्हता. मीय कधी सांगूक गेलंय नाय. माका वाटी, तिका दिसताच आसा मां." त्यांनी सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली. "ती गेली तेव्हा माका चार दिवसांनी कळला."

मग काकांनी कागद मागितला आणि कचेरीत बोलावी तशी शुद्ध मराठी सुरू केली. मी लिहून घेतलं.

"बाळाच्या आईस नमस्कार. आपण दिलेले रक्त वाया गेलेले नाही. ते नव्या जागी रुजले आहे व उत्तम आहे. आपण विचारले नाहीत तरी कळवावेसे वाटले."

नाव नाही, गाव नाही. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि आमच्याकडे जिथून रक्त येतं त्या प्रसूतिगृहात स्वतः नेऊन दिलं. बाळंतिणी जिथे सही करतात, त्या टेबलामागच्या भिंतीवर तिथल्या सिस्टरनी ते लावलं. ती आई पुन्हा तिथे येईल की नाही, कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मी काकांना एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहऱ्यावर काळजी.

"बाय, अक्षर मोठा काढलंस मां? बाळंतिणीचे डोळे दमलेले असतत."