आतल्या खोलीची खिडकी

खोलीचं दार उघडलं आणि कप्तानाच्या सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे, की खोलीला खिडकी नाही. पलंग होता, आरसा होता, भिंतीवर टीव्ही होता. पडदासुद्धा होता, तो त्यानं मोठ्या आशेनं बाजूला सारला, तर मागे भिंतच निघाली. नुसत्या भिंतीला पडदा कशाला, हे कुणाला तरी विचारावंसं त्याला वाटलं. पण जहाजाबद्दलचे प्रश्न विचारायचे नसतात, त्यांची उत्तरं द्यायची असतात, ही त्याची चोवीस वर्षांची सवय.

कप्तान हा काही खरा कप्तान नव्हे. तो एका प्रवासकचेरीत कारकून होता आणि दर शनिवारी सकाळी अकरा वाजता, कचेरीच्या मागच्या खोलीत, पहिल्यांदा जहाजानं जाणाऱ्यांना तासभर सल्ला द्यायचा. औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत संध्याकाळशिवाय पोचत नाहीत. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. मळमळलं तर कोरडं बिस्किट खा आणि क्षितिजाकडे बघा. बंदरावर उतरलात तर सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी परत या, जहाज कुणाच्या काकासाठी थांबत नाही. असे छत्तीस मुद्दे त्यानं छापून घेतले होते. स्वतः तो कधी साध्या होडीतही बसला नव्हता. त्याचं गाव समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि समुद्र त्यानं पाहिला तो कचेरीच्या भिंतीवरच्या चित्रात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. पण बोलायचा असा, की पुढच्या रांगेतल्यांना हलल्यासारखं व्हायचं, म्हणून नाव पडलं कप्तान.

कप्तानीणबाईंचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, डोळे दोन वर्षांपासून जात होते. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. वर्षभर थोडंफार दिसेल, पुढचं सांगता येत नाही, जे बघायचंय ते बघून घ्या, म्हणाल्या. घरी आल्यावर कप्तानानं विचारलं, "काय बघायचंय तुला?"

"समुद्र," ती म्हणाली. "काठावर उभं राहून नको. पलंगावर लोळत, खिडकीतून. तुम्ही शनिवारी लोकांना सांगता ना, तसा."

चोवीस वर्षांच्या नोकरीत कप्तानानं कचेरीकडे काही मागितलं नव्हतं. आता त्यानं दोघांसाठी जहाजाची फेरी मागितली. तीन दिवसांची फेरी मंजूर व्हायला नऊ महिने आणि सात अर्ज लागले. खिडकीची खोली मिळेल असं साहेब तोंडानं म्हणाले होते. पण नोकरमाणसाला मिळते ती उरलेली खोली, हे कप्तानाला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. फक्त आपल्या बाबतीत तसं होणार नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"खिडकी कुठंय हो?" पलंगावर टेकत तिनं विचारलं.

कप्तानाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो त्याच्याच कागदावरचा मुद्दा क्रमांक अकरा: आतली खोली मिळाल्यास हिरमुसू नये, टीव्हीवर जहाजाच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिवसभर चालू असतं, ते लावावं म्हणजे खिडकीची उणीव भासत नाही. अर्थात तो एवढं सगळं म्हणाला नाही. "ही काय, समोर," म्हणाला, घाईघाईनं टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि भिंतीवरचा पडदा ओढून त्याच्या कडेला नीट बसवला. टीव्हीच्या काचेवर करडं पाणी हलायला लागलं. बायकोच्या अधू नजरेचा फायदा घेतोय याची त्याला लाज वाटली, पण तीन दिवसांचा तर प्रश्न होता.

ती उठली, चाचपत पुढे आली आणि तिनं खिडकीवर हात ठेवला. जरा वेळ तो तसाच ठेवला. मग म्हणाली, "छान आहे."

झाकली मूठ झाकलेली ठेवणं हे एका माणसाचं काम नसतं, हे कप्तानाला पहिल्याच जेवणाला कळलं. टेबलावर शेजारी येऊन बसले ते औषधवाले. हे औषधांचं दुकान चालवणारे गृहस्थ तीन शनिवार पहिल्या रांगेत बसून सगळे मुद्दे उतरवून घेऊन गेले होते. तुमच्याच सांगण्यावरून आतली खोली घेतली, असं त्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं. मग कप्तानाच्या खोलीचा नंबर विचारला, आणि ही तर आमच्या समोरचीच, म्हणजे तीही आतलीच, असं म्हणणार तोच कप्तानाला जोराचा ठसका लागला. तो इतका वेळ लागला, की औषधवाल्यांनी त्याची पाठ चोळली. तेवढ्यात कप्तानानं त्यांच्या कानात सांगून टाकलं, की नंबर जवळचा असला तरी आमची खोली वेगळ्या प्रकारची आहे. हे फार चुकलं. औषधवाले जिज्ञासू निघाले. ती वेगळ्या प्रकारची खोली बघायला ते त्या दिवसात तीनदा येऊन गेले.

म्हणून कप्तानानं दाराला 'त्रास देऊ नये'ची पाटी लावली. पाटीमुळे खोली आवरणारा माणूस आत येईना. तो येईना म्हणून टॉवेल ओले आणि प्यायचं पाणी संपलेलं. शेवटी त्याला बोलवावंच लागलं, तर त्यानं आत पाऊल टाकल्या टाकल्या अदबीनं विचारलं, "साहेब, कुणी बघत नसेल तर टी..." कप्तानानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बोळात उभं राहून सगळं सांगितलं. तो मध्यम वयाचा शांत माणूस होता. त्यानं मान हलवली आणि जाताना तो टीव्हीची काच खिडकीसारखी पुसून गेला.

वर मोकळ्या डेकवर जाता आलं असतं तर हे नाटक निदान दिवसा तरी थांबलं असतं. पण निघाल्याबरोबर वारा सुटला आणि वरची दारं बंद झाली. समुद्र खवळला आणि त्याबरोबर कप्तानाचं पोटही. मळमळीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या आणि बॅग अजून यायची होती. बायकोनं आपल्या पर्समधून कोरडं बिस्किट काढून त्याच्या हातात दिलं आणि मुद्दा क्रमांकही सांगितला. क्षितिजाकडे बघा, असंही म्हणाली. कप्तानानं टीव्हीकडे बघितलं. त्यातलं क्षितिज वरखाली होताना पाहून त्याला दुप्पट मळमळलं, आणि तेव्हापासून दुसरा अख्खा दिवस संपेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तो दिवस मात्र बरा गेला. गोळ्या आल्या तरी त्याला मान वर करवेना, पण पाठीमागे ती खिडकीशी बसून सारखी सांगत होती. आता मोठी लाट आली. आता एक पक्षी गेला, पांढरा. लांबवर दुसरं जहाज दिसतंय, अगदी काडेपेटीएवढं. कप्तान डोळे मिटून ऐकत होता. ती जेवायच्या टेबलावर पेल्याबाहेर पाणी ओतत होती, पायात दोन वेगळ्या चपला घालून आली होती, ते सगळं त्यानं जहाज हलण्यावर आणि बोळातल्या अपुऱ्या दिव्यांवर लोटलं होतं. दिसतंय तिला. वेळेत आणलं, असं त्याला वाटलं आणि त्या दिवशी त्याला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज हलायचं थांबलं. ती आधीच उठून खिडकीशी जाऊन बसली होती. तुम्ही जा, मी बसते इथंच, म्हणाली म्हणून तो, पुन्हा मळमळेल या धास्तीनं टीव्हीकडे न बघताच, चहा आणायला गेला. दोन कप घेऊन परत येताना बोळात खोली आवरणारा भेटला. तो ओशाळला होता.

"साहेब, माफ करा. काल सकाळीच सांगायला येणार होतो, पण पाटी होती."

"काय झालं?"

"तो कॅमेरा परवा संध्याकाळीच गेला, लाटेनं. तेव्हापासून सगळ्या खोल्यांत नुसता निळा उजेड आहे. दुसरं काही दिसत नाही त्यात."

कप्तानानं दार हळूच उघडलं. टीव्हीवर सपाट निळा रंग होता आणि मधोमध दोन ओळी: सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. तो निळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

पावलं ऐकून ती म्हणाली, "आलात? बघा ना, पाणी कसं शांत झालंय आज."

कप्तानानं दोन्ही कप खाली ठेवले. तो तिच्या शेजारी बसला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं आवरलं नाही. मग त्यानं विचारलं, "कधीपासून?"

ती त्याच्या आवाजाकडे वळली. मग म्हणाली, "तुमचा पाचवा अर्ज गेला ना, तेव्हापासून. उजेड कळतो अजून. सांगितलं असतं तर सहावा केला नसता तुम्ही."

"केला असता."

"केला असता, आणि तोंड पाडून आणलं असतं मला." तिनं हात पुढे करून त्याचा गुडघा शोधला. "आणि एक सांगू? तुमची खिडकी हाताला गरम लागते हो."

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं? मग बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेनं पडदा लावत होता. कसं बोलू?"

वरची दारं त्या सकाळी उघडली होती. दोघं हळूहळू जिना चढली; तो पायऱ्या मोजून सांगत होता आणि ती, सांगू नका, माझ्या मोजून झाल्यात, म्हणत होती. वर औषधवाले वहीसकट हजर होते. उतरण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या त्या किती वाजता, हे त्यांना विचारायचं होतं. "मला माहीत नाही," कप्तान म्हणाला. चोवीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. औषधवाल्यांनी तेही लिहून घेतलं.

कठड्याशी आल्यावर तिनं दोन्ही हात लोखंडावर ठेवले. कठडा गार होता आणि ओला. वाऱ्यानं तिचे केस विस्कटले, ते तिनं तसेच राहू दिले. "हं, सांगा आता," ती म्हणाली. "शनिवारी सांगता तसं."

कप्तानानं घसा खाकरला. निळाशार, अथांग, जिथवर नजर जाईल तिथवर, असं त्याचं ठरलेलं होतं, आणि झोपेतसुद्धा त्याला ते म्हणता आलं असतं. चढताना तो बॅगांच्या चिठ्ठ्या तपासत होता, मग तो आजारी होता. खऱ्या समुद्रासमोर तो आत्ता पहिल्यांदा उभा होता.

"निळा नाहीये गं," तो म्हणाला.

"मग कसा आहे?"

तो कठड्यावरून पुढे वाकला. तिनं त्याची बाही धरली.

"थांब जरा," कप्तान म्हणाला. "आधी मला बघू दे."