अनंताच्या फांदीचा अर्ज

विषय : अनंताची एक फांदी चोरण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदार नारोपंत कासव यांचा अर्ज, आषाढ वद्य तृतीया.

उपरोक्त विषयास अनुसरून सर्व बालवाचकांना कळवण्यात येते की, एका जंगलात नारोपंत नावाचे एक कासव राहत होते.

त्या जंगलात सगळ्यांना बागेचा छंद होता. चहूकडे झाडेच झाडे असताना कुंड्या कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो तिथे कोणालाही पडला नव्हता. जंगल आपोआप उगवते, त्यात छंद कसला? कुंडीत लावले, की ते आपले झाड.

रोज सकाळी सगळे ओढ्यावर झाऱ्या भरायला जमत. झारी भरायला थोडाच वेळ लागे, गप्पांना पुष्कळ.

"तीन दिवस ढोली आवरते आहे," यमूताई खार सांगे. "गेल्या वर्षी पुरलेले अक्रोड कुठे ठेवले ते आठवत नाही. काल शोधता शोधता परवा हरवलेले चष्म्याचे घर सापडले. योगायोग बघा."

"मीही कालच बीळ आवरायला काढले," बळवंतराव साळिंदर म्हणत. "काय योगायोग."

बळवंतरावांना विणकामाचाही छंद होता. सुया घरच्याच होत्या. दत्तोबा मुंगूस सापांच्या काती जमवत असे. आत्तापर्यंत एकशे बारा झाल्या होत्या आणि त्या बघायला या, असे तो प्रत्येकाला सांगत असे. प्रत्येकाला नेमके त्याच दिवशी दुसरे काम निघे. हाही एक योगायोगच.

आता, मुलांनो, या बागवाल्यांचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत. मागून आणलेली फांदी लागत नाही. चोरून आणलेली हमखास लागते.

त्यामुळे कोणी कोणाकडे काही मागत नसे. वाटी परत द्यायच्या निमित्ताने पाहुण्याने यायचे. यजमानाने "चहा टाकते" म्हणून आत जायचे आणि जरा वेळ लावायचा. पाहुण्याने फांदी मोडायची. दोन महिन्यांनी यजमानाने पाहुण्याच्या घरी जायचे आणि म्हणायचे, "अगंबाई, तुमच्याकडेही हेच? काय योगायोग."

नारोपंतांनी मात्र आयुष्यात कधी चोरी केली नव्हती. पाणवठ्यावरच्या हजेरीवहीवर त्यांनी चाळीस वर्षे काढली होती. कोण किती वाजता पाणी प्यायले, याची त्यांनी चोख नोंद ठेवली. स्वतःच्या कवचात शिरायचे तरी ते आधी इकडेतिकडे पाहून कोणाची हरकत नाही ना, याची खात्री करून घेत.

त्यांच्या दारात अनंताचे एकच झाड होते. ते त्यांच्या बायकोने लावले होते. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून येताना तिने ती काडी पदराखाली आणली होती. कोणाच्या अंगणातली, हे नारोपंतांनी कधी विचारले नाही. विचारले असते तर नोंद करावी लागली असती.

बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. दर पावसाळ्यात झाड फुले. पहिले फूल नारोपंत तिच्या पाटावर ठेवत. बाकीच्या फुलांचे आणि फांद्यांचे काय होते, याकडे ते पाहत नसत. यमूताईकडे अनंत होता, बळवंतरावांकडे होता, दत्तोबाकडे दोन होते. सगळ्या अनंतांची आई नारोपंतांच्या दारात.

यंदा ज्येष्ठात तिच्या मुळाला हुमणीची अळी लागली. आठ दिवसांत झाड वाळले.

ओढ्यावर दोन दिवस कोणी योगायोगाचे नाव काढले नाही.

तिसऱ्या दिवशी यमूताई म्हणाली, "नारोपंत, एवढे मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडून एक फांदी घेऊन जा. मी बघणार नाही."

"तुम्ही सांगितलंत, म्हणजे ती दिलेली झाली. दिलेली लागत नाही."

"बरं, मग देत नाही."

"नाही म्हटल्यावर कशी घेऊ?"

यमूताईने शेपटी झटकली. "चाळीस वर्षं पाणवठ्यावर हेच केलंत का?"

"हेच," नारोपंत म्हणाले.

बळवंतरावांनी त्यांना एका बाजूला घेतले. "पंत, मी उद्या पाठ करून विणत बसतो. तुम्ही या, मोडा आणि जा. वहिनींच्या झाडाचीच फांदी आहे. नाहीतरी तुमचीच."

"माझी असेल, तर ती चोरी कशी होईल?"

"तुम्ही या हो," बळवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नारोपंत सकाळीच निघाले आणि दुपारी पोचले. तोवर ही चोरी साऱ्या जंगलाला कळली होती. वाटेत ज्याने त्याने तोंड फिरवून त्यांना सहकार्य केले. बळवंतराव पाठ करून विणत बसले होते. पायमोज्याची टाच कधीच होऊन गेली होती. अनंत भरगच्च होता. एक फांदी तर मुद्दाम खाली वाकवून दगडाखाली दाबलेली होती, कासवाला पोचेल अशी.

नारोपंत फाटकाशी आले. थांबले. खाकरले आणि म्हणाले, "आत येऊ का?"

"या, या," बळवंतराव सवयीने म्हणाले.

संपले. चोरी नासली. मग बळवंतरावांनी चहा टाकला.

तेव्हा नारोपंतांनी आपल्याला येत होते ते केले. त्यांनी अर्ज केला.

वनराजांच्या कचेरीत कोल्हा हेडक्लार्क होता. त्याने अर्ज दोनदा वाचला. "चोरीची परवानगी?"

"रीतसर," नारोपंत म्हणाले. "एकच फांदी. लांबी वीतभर. मालकाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, नाहीतर त्यांना कळेल."

कोल्ह्याने टिपणी लिहिली, ती अशी : परवानगी दिल्यास कृत्य चोरी राहत नाही, सबब फांदी लागणार नाही. परवानगी न दिल्यास अर्जदार चोरी करणार नाहीत, सबब फांदी मिळणार नाही. आदेशार्थ सादर.

वनराजांनी खाली लिहिले : चर्चा करावी.

"पंत, एक सांगू?" कोल्हा हळूच म्हणाला. "कागद करायला नको होता. आता जंगलात कोणाचीही फांदी गेली, तरी पहिला संशय तुमच्यावर."

नारोपंतांनी मान डोलावली. कोल्ह्याच्या मागे खिडकीत एक कुंडी होती. कुंडीत अनंत होता.

"हा," कोल्हा म्हणाला, "निव्वळ योगायोग."

श्रावण लागला. नारोपंत रोज सकाळी अनंताच्या रिकाम्या कुंडीला पाणी घालत. हजेरी चुकवायची त्यांना सवय नव्हती.

एक दिवस यमूताई वाटी परत द्यायला आली. तिने वाटी कधी नेली होती, हे नारोपंतांना आठवेना.

"चहा टाकू का?" त्यांनी विचारले.

"टाका. सावकाश टाका."

कासवाने सावकाश टाकलेला चहा, मुलांनो. तो होऊन बाहेर आला, तोवर यमूताई निघून गेली होती. ओट्यावर वाटी होती. तिच्या तळाशी पुसून काढलेले 'बळवंत' हे नाव अजून वाचता येत होते.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर बळवंतराव म्हणाले, "काल माझ्या अनंताची एक फांदी गेली. आणि एक वाटी."

"अगंबाई," यमूताई म्हणाली आणि झारीत पाणी भरू लागली.

नारोपंत घरी गेले. रिकाम्या कुंडीत वीतभर काडी उभी होती. मातीवर खारीच्या पंजांचे चार ठसे होते. प्रकरण विचाराधीन असताना कुंडीत विनापरवाना झाड आढळले, तर चोवीस तासांत कळवावे लागते. नारोपंतांनी कागद काढला. बोरू शाईत बुडवला. तारीख घातली.

मग त्यांनी काडीकडे पाहिले. कोणाच्या अंगणातली, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी ते लिहिले नाही. बोरू पुसला आणि पायाने मातीवरचे चार ठसे सारखे केले.

महिन्याभराने काडीला दोन पाने फुटली.

"नारोपंत, तुमच्याकडेही अनंत?" वाटी शोधायला आलेल्या बळवंतरावांनी विचारले.

"हो," नारोपंत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची मान लाजून अर्धी आत गेली. "काय योगायोग."

तात्पर्य : चोरी करू नये. करायचीच झाली, तर विचारून करू नये. आणि ज्याला दोन्ही जमत नाही, अशा सज्जनाने निदान शेजार तरी चोरांचा बघून घ्यावा.

अर्जावर चर्चा अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.