पडलेल्या चिंचेचा मालक

चिंच पडली हे आबाजी देवकात्यांना सकाळी तोंड धुताना कळलं. वारा नव्हता, पाऊस नव्हता. त्यांचा मुलगा रविराज दुधाची कॅन घेऊन मोटारसायकलवर गेला आणि लगेच चालत परत आला.

"आबा, चिंच आडवी झालीय. पार रस्त्यावर."

"कुणाची?"

"आपली. म्हंजी गेणबातात्याची. म्हंजी... बांधावरची."

तोंड न पुसताच आबाजी तिकडं गेले. वस्तीवर यायला एकच रस्ता होता आणि त्यावर चिंच अशी पसरली होती की पलीकडचं काही दिसत नव्हतं. शुक्रवारी सारजाबाईंचं वर्षश्राद्ध होतं. बावड्याहून, सुप्याहून पाहुणे येणार होते. मांडववाला यायचा होता, आचारी यायचा होता. बायकोचं वर्ष आपल्याच दारात झालं पाहिजे, हे आबाजींनी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की सून स्वप्नाली आधीच "व्हय, दारातच" म्हणून मोकळी व्हायची.

चिंच होती आबाजी आणि गेणबा यांच्या बांधावर. ती उभी असताना दोघांचीही होती, म्हणजे दोघंही ती स्वतःची म्हणत. सारजाबाई पहाटेच जाऊन चिंचा झोडायच्या आणि वर गेणबाच्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणायच्या, "आमची चिंच हाय, आमी झोडू!" त्या भांडणात दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं. शाळेत एका बाकावर बसलेले आबाजी आणि गेणबा समोरासमोर आले, तरी मधे तिसरा माणूस असेल तरच बोलायचे.

आता तिसरा रविराज होता. गेणबा काठी टेकत पलीकडं येऊन उभा राहिला होता.

"रविराज, त्यास्नी म्हणावं, खर्च निम्मानिम्मा करू," आबाजी म्हणाले.

"रविराज, तुझ्या आबाला सांग, जन्मभर चिंचा कुणी खाल्ल्या? झाड तुमचं."

"त्यास्नी सांग, बुडका त्येंच्या हद्दीत हाय. झाड त्येंचं."

"अन् पडलं कुणाच्या रस्त्यावर?"

रविराजनं दोन्हीकडं बघितलं आणि सरळ नागेशला फोन लावला. नागेशकडं लाकूड कापायची मशीन होती. तो आला आणि झाडाभोवती फिरू लागला. एकेक फांदी बघायची, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करायचं आणि भाव वाढवायचा, असा त्याचा अंदाज काढायचा रिवाज होता.

"हितं ईजेची तार हाय. त्येचं वाढलं. खोडात खिळं असत्याल, साखळी तुटंल. त्येचं वाढलं. मुंगळं हायेत, गडी कालवा करत्याल. त्येचं बी वाढलं."

"आरं, आधी घेर तरी मोज."

"टेप घरी ऱ्हायली. तुमी दोगं मिठी मारा. किती कवा भरत्यात बघू."

झाड जमिनीपासून जरा उचललेलं होतं, तिथं आबाजी अलीकडून आणि गेणबा पलीकडून खोडाला बिलगले. खालच्या बाजूनं चाचपताना एकमेकांची बोटं लागली. दोघांनी हात झटकन मागं घेतले.

"बसलं की माप!" नागेश म्हणाला. "दोन कवा. पंचवीस हजार पडत्याल."

"रविराज, ह्याला सांग, झाड गेणबाचं हाय, त्येच्याकडनं घे," आबाजी म्हणाले.

"नागेश, सगळ्या वस्तीदेखत सांगतो, झाड आबाचं हाय!" गेणबानं ठणकावलं.

त्या संध्याकाळी रविराजनं चिंचेचा फोटो काढून बारामतीच्या एका वखारवाल्याला, बापूसाहेबांना पाठवला. त्यांचा फोन आला तेव्हा रविराज आबाजींबरोबर झाडाजवळच उभा होता आणि फोन स्पीकरवर होता.

"चिंच हाय व्हय? खाटकांना मटण तोडायच्या ओंडक्यासाठी चिंचच लागती. तुमी एक रुपाया देऊ नका. मीच चाळीस हजार देतो, कापून घिऊन जातो. मालक कोण?"

"मी!" आबाजी म्हणाले.

"मी!" पलीकडून गेणबा ओरडला.

मग जी भांडणं झाली, त्यांत सकाळचेच मुद्दे होते, फक्त त्यांची माणसं बदलली होती. आता चिंचा खाल्ल्या म्हणून झाड आबाजींचं होतं आणि बुडका हद्दीत म्हणून गेणबाचं. नागेशला साक्षीला बोलावलं, तर तो म्हणाला, "सकाळी तुमी दोगांनीबी नगं म्हनलेलं मी ऐकलंय. म्हंजी कायद्यानं ते माझंच." बापूसाहेबांनी वैतागून सांगितलं, "मालक ठरवा. शुक्रवारी तिकडं येणारच हाय, तवा बघतो."

शुक्रवार उजाडला आणि झाड तसंच होतं. रविराजनं खोडाच्या दोन्ही बाजूंना शिड्या लावल्या. आचाऱ्याची पातेली हातोहात पलीकडून अलीकडं आली. बावड्याच्या मावशी शिडीवर अर्ध्यात बसल्या आणि म्हणाल्या, "सारजा जिती असताना बी मला हितं यायला असाच तरास व्हायचा." मांडव तेवढा आला नाही. पण दारातच सगळं चाललं होतं. आबाजींना बरं वाटलं.

कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळे आले आणि पडलेल्या चिंचेवर ओळीनं बसले. पानाकडं एकही येईना.

"आई, गाडी सावकाश चालवीन," रविराज म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"आत्या, तुमच्या पाटल्या मोडणार न्हाय," स्वप्नालीनं पदर डोळ्याला लावला. एका कावळ्यानं चोच खोडावर घासली.

आबाजी पुढं झाले. "सारजा, बीपीची गोळी येळंवर घिईन. खरंच घिईन." कावळ्यानं त्यांच्याकडं पाठ केली. ऊन चढत होतं, भात गार होत होता. तिचं काय राहिलं असेल, हे आपल्यालाच ठाऊक नसावं?

तेव्हा पाहुण्यांच्या मागं उभा असलेला गेणबा पुढं आला. त्यानं टोपी काढली आणि हात जोडले.

"वयनी, चिंच तुमचीच व्हती. समद्या पाव्हण्यांसमोर सांगतो."

कावळा उडाला, अंगणात उतरला आणि थेट पानाला शिवला.

बायका मोठ्यानं रडल्या. पुरुषांनी नाकं शिंकरली. आबाजींनी मधे कुणालाही न घेता म्हटलं, "गेणबा, जेवाया बस." दोघं शेजारी शेजारी बसले. बुंदीचा पहिला घास घेतला, तेवढ्यात बापूसाहेब कुऱ्हाड घेऊन आले. शिडी चढायच्या आधी त्यांनी कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा खोडावर मारला. पंगतीपर्यंत 'ढब' असा आवाज आला.

"आबा, हे तर ढोलकं निघालं! आतनं समदं पोकळ. खाटीक मटण कुठं ठेवील, भोकात? फुकट बी नको मला."

आबाजी हळूच गेणबाकडं वळले.

"तुला कवा कळलं?"

गेणबा बुंदीची एकेक कळी निवडत राहिला. "काल सांच्याला. आसंच काठीनं ठोकून बघितलं."

"अन् म्हणून सारजाला चिंच दिलीस व्हय?"

"खोटं काय बोललो, आबा? कावळा शिवला का न्हाय?"

झाड कापायचा खर्च आता आबाजींच्या गळ्यात आला होता. सारजाबाईंना सगळ्या भावकीसमोर मिळालेली चिंच आता नाकारायची म्हणजे काय, हे त्यांना दिसत होतं. पुढच्या वर्षी कावळा गावातही फिरकला नसता. त्यांना हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा ते मोठ्यानं हसले आणि ठसका लागला. गेणबानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पलीकडच्या रांगेतून नागेश म्हणाला, "आबा, माझा भाव तोच हाय. फकस्त पोकळ खोडात साप असत्याल. त्येचं वाढलं."

दुसऱ्या दिवसापासून आबाजी आणि गेणबा दोघंच कोयते घेऊन बसू लागले. काम कमी आणि बोलणं जास्त होतं. फांद्या निघाल्या, मोटारसायकल जाईल एवढी वाट झाली. खोड अजून हलवायचं राहिलं आहे.