लांब शिट्टी

अकरा वर्षांपूर्वी सुरू झालेला कबड्डीचा सामना आमच्या गावच्या जुन्या सार्वजनिक क्रीडांगणावर अजून संपला नव्हता, कारण तो संपवायची शिट्टी मातीत हरवली होती. पंच होते माझे वडील, दादा. वेळ संपली, वेळाधिकाऱ्याने हात वर केला, दादांनी शिट्टीसाठी गळ्याशी हात नेला, तर तिथे नुसती दोरी. लांब शिट्टी झाल्याशिवाय सामना संपत नाही, आणि ज्या शिट्टीने सुरू झाला तिनेच तो संपला पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. मध्यंतरी कुणीतरी जत्रेतली प्लास्टिकची शिट्टी वाजवून पाहिली. एकही खेळाडू जागचा हलला नाही. उलट कप्तान म्हणाला, "थट्टा नको. सामना चालू हाय."

रेषेच्या आत होते त्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं. त्यांना हिंडता-फिरता येई, अधूनमधून चढाई करून अंग मोकळं करता येई. हाल होते ते हनमंत खरमाटेचे. वेळ संपली तेव्हा तो एकटाच बाद होता, आणि बाद झालेल्याने रेषेबाहेर बसून राहायचं असतं. आपल्या संघाला गुण मिळाला की बाद माणूस उठतो, पण वेळ संपल्यावर गुण धरत नाहीत, त्यामुळे त्याला उठवणं कुणाच्याच हातात नव्हतं. बसला तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. आता त्याच्या कानावरचे केस पिकले होते.

रोज मी त्याच्या आईकडे, येसूआक्काकडे, डबा आणायला जाई. डबे दोन असत. एक हनमंताचा आणि एक दादांचा. तिचं पोर आमच्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे अडकलेलं, आणि ती आमच्याच माणसाला जेवू घालत होती. तिने कधी एक वावगा शब्द काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिच्या उंबऱ्यात उभं राहायची लाज वाटे, मी चप्पलसुद्धा काढत नसे.

या माघात ती आजारी पडली. डबा शेजारणीने करून दिला. आक्का अंथरुणातून म्हणाली, "हनमंताला म्हनावं घाई न्हाई. पर मी काय आता लई दिस न्हाई, बाई."

मी तशीच नगरपरिषदेत गेले. क्रीडांगणाचं काम पडवळकर साहेब बघत. पाणीपुरवठा विभागाकडे जमिनीत गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायचं एक यंत्र होतं. धातूवर धरलं की ते ओरडतं. ते यंत्र मैदानावर फिरवायची परवानगी मी मागितली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मैदान जुनं आहे," ते म्हणाले. "आत काय काय असेल सांगता येत नाही. जे सापडेल ते नगरपरिषदेचं, हे मान्य आहे?"

"सामना संपवून शिट्टी जमा करू."

"ठीक. पण सामना चालू असताना बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही."

"शिट्टी मिळाल्याशिवाय तो संपणार कसा?"

"ते खरं आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "खेळाडूंना पाणी कोण देतं?"

"मीच."

"पाणी देणाऱ्या व्यक्तीला आत जाता येतं. तेव्हा पाणी देता देता यंत्र फिरवायला हरकत नसावी. मात्र पाणी खरोखर दिलं पाहिजे."

अशी परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमरेवर कळशी आणि हातात यंत्र घेऊन मैदानात उतरले. साहेब देखरेखीला रेषेबाहेर उभे होते. पाणी आधी पंचांना द्यायचं असतं, म्हणून मी दादांकडे गेले. ते नेहमीसारखे मध्यरेषेजवळ उभे होते. ओंजळीत पाणी घालायला वाकले तशी यंत्राने किंकाळी फोडली.

सगळे खेळाडू उभे राहिले. साहेब ओरडले, "काय लागलं?"

"माझ्या पिना, साहेब!" बांगडीत सेफ्टी पिनांचा जुडगाच होता.

"काढून ठेवा बाहेर."

मी पिना रेषेबाहेर ठेवून आले. यंत्र जमिनीवर धरलं. आवाज नाही. दादांच्या कमरेजवळून नेलं मात्र, आणि ते पुन्हा ओरडलं. मी घाईघाईने ते बंद केलं; साहेबांना वाटलं, एखादी पिन राहिली असेल. दादा मातीकडे बघत होते. एवढी वर्षं ते पँट मला धुवू देत नसत, मैदानावरच्या टाकीवर स्वतः धूत. पंचाचा बाणा म्हणून मी ते गावभर कौतुकाने सांगत आले होते.

"चोरखिशात होती," ते ओठ न हलवता म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सापडली गं. तेव्हा सांगितलं असतं तर लोक नुसते हसले असते. मग आठवडा गेला. मग वर्ष गेलं. मग कोणत्या तोंडानं सांगायचं, विमल?"

"आणि आक्काचा डबा?"

"रोज पहिल्या घासाला वाटायचं, आज सांगू."

मला त्यांची फार लाज वाटली. पण मी केलं काय, तर पदर पुढे ओढला, त्याच्या आडून शिट्टी घेतली, मध्यरेषेशी टाचेने मातीत दाबली आणि सगळ्या खेळाडूंना पाणी देत देत यंत्र फिरवत तिथवर आले. यंत्र ओरडलं. मीही ओरडले, "सापडली!" माझा आवाज अगदी खरा वाटला.

दादांनी लांब शिट्टी वाजवली. सामना संपला. साहेबांनी शिट्टी पुसून जमा करून घेतली. खेळाडू आमच्या पद्धतीप्रमाणे एकेक करून पंचांच्या पाया पडले. शेवटी हनमंत आला. त्याचे गुडघे सरळ होत नव्हते. तो म्हणाला, "तुमी ऱ्हायलात म्हनून आमी ऱ्हायलो, पंच. दुसरा कुनी असता तर पळाला असता." दादांनी पाय मागे घेतला.

हनमंत धडपडत घराकडे पळाला. मैदान रिकामं झालं. दादा सावकाश चालत रेषेबाहेर गेले आणि हनमंताच्या जागी मांडी घालून बसले.

"घरी चला, दादा."

"मी बाद आहे," ते म्हणाले. "बाद माणसाला आपण होऊन उठता येत नाही."

पडवळकर साहेबांनी यावर विचार केला आणि बसायला नगरपरिषदेची हरकत नाही, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी दादांना पाणी द्यायला गेले तर हनमंत चड्डी-बनियनवर मैदानात उभा. आक्काने त्याला जवळ बसवून घेतलं होतं, पेज खाल्ली होती, आणि पंच अजून बसलेत हे ऐकून त्याला मैदानावर पिटाळलं होतं.

"का बाद झालं पंच?" त्याने मला विचारलं.

"काहीतरी चुकलं त्यांचं," मी म्हणाले.

"चुकंना का. बसून मानसाचं काय हुतं ते मला ठावं हाय. मी त्यास्नी उठिवतो."

दादा तिकडून म्हणाले, "मी तुझ्या संघात नाही. पंच आहे मी."

"शिट्टी जमा झाली. आता कसलं पंच? आजपास्नं आमच्यातलं."

"सामना नाही, तर गुण कुठून आणशील?"

"सराव करतो. सरावात मानूस बाद हुतो का न्हाई? मग उठतो बी."

दादांना यावर नियम आठवेना. पण मध्यरेषेपलीकडचं, समोरच्या संघाचं अंगण रिकामं होतं, आणि हात लावायला कुणी असल्याशिवाय गुण होत नाही. हनमंत माझ्याकडे बघू लागला. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. त्याऐवजी मी कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि समोर जाऊन उभी राहिले.

हनमंत कबड्डी कबड्डी म्हणत आला. मी बाजूला झाले नाही. त्याने मला भीतभीत, देवाला लावावा तसा हात लावला आणि परत मध्यरेषेपार गेला. दादा उठले.

मी बाद झाले. दादांनी झटकलेल्या जागेवर जाऊन बसले. समोरच्या अंगणात माझ्या संघातलं दुसरं कुणी नाही, त्यामुळे मी सध्या इथेच आहे. पाणी दादा आणून देतात. काल येसूआक्का हनमंताचा हात धरून मैदानापर्यंत चालत आली होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "गुनाची गं पोर." मी मान खाली घातली, आणि दादा माझ्या ओंजळीत पाणी घालत राहिले.