जावईबापूंचा रुसवा उतरल्याची बखर

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्याच्या मुदपाकखान्याचें अन्न खाऊन ही बोटें लिहितात त्या धन्यास त्रिवार नमन. शके सोळाशें बावन्न, साधारण नाम संवत्सर, श्रावणमासापासून दसऱ्यापर्यंत या राज्यांत जें घडलें तें डोळ्यांनी पाहिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण जावयाची गोष्ट आहे.

श्रीमंत सरकारांस कन्या एकच, मैनाबाईसाहेब. त्यांजसाठीं हैबतराव म्हणोन घरजावई आणिले. लग्नांत रीतीप्रमाणें जावई रुसले आणि रीतीप्रमाणें सरकारांनी घोडा देऊन रुसवा काढिला. परंतु इतरांचा रुसवा मांडवाबरोबर उतरतो, तो यांचा उतरेना. वरणांत मीठ कमी म्हणोन रुसले, मग शेला मिळाला. पालखी मागें राहिली म्हणोन रुसले, मग दुसरा घोडा मिळाला. आणि रुसणें म्हणजे ऐसें कीं पगडी काढून गुडघ्यावर ठेवावी, तोंड भिंतीकडे करावें आणि कोणाशीं बोलूं नये. मग सरकार स्वतः उठून येत आणि कारभारी येत आणि भटजी येत आणि अर्धा दरबार भोंवतीं बसून "जावईबापू, काय हवें तें बोला" म्हणोन विनवी. ऐसीं सात वर्षें गेलीं. शेवटीं सरकारांचा पारा चढला आणि आज्ञा जाहली कीं, "दसऱ्याच्या दरबारीं परराज्यांचे वकील येतील. तेथें रुसले तर दुसरे दिवशीं त्यांच्या गांवीं पोंचते करा, परत आणूं नका." हें ऐकोन मैनाबाईसाहेबांस घांस उतरेना. नवरा रुसका खरा, पण बाईसाहेबांचा त्याजवर फार जीव.

तेव्हां त्यांनी गोजराबाईस बोलाविलें. ही घोडे शिकविणाऱ्या चाबूकस्वाराची बायको; चाबूक नवऱ्याच्या हातीं असे आणि शिंगरें मात्र हिच्याकडून शिकत. बाईसाहेब म्हणाल्या, "गोजरा, माणूस शिकवशील?" ती म्हणाली, "आधी बघू द्या, बाईसाहेब. बघितल्याबिगर मी खोगीर घालत न्हाई." मग पंधरा दिवस ती दाराशीं सुपारी कातरीत बसली आणि दर रुसव्यास एक चिंचोका ओच्यांत टाकी, आणि रुसण्याआधीं काय घडलें, मग रावांनी काय केलें आणि त्यामागून त्यांस काय मिळालें, तें ध्यानीं ठेवी. चिंचोके सत्तावीस जाहले. मग म्हणाली, "समदी म्हणत्यात घोड्यासाठी रुसत्यात. त्या घोड्यावर बसल्यात का कधी? शेल्यांच्या घड्या बी तशाच हायती. सकाळधरनं त्यास्नी कुनी हाक मारत न्हाई. रुसलं की समदी येत्यात. त्यास्नी मानसं हवीत, बाईसाहेब." बाईसाहेबांचे डोळे भरून आले, कारण हें इतकें उघडें असून कोणास दिसलें नव्हतें.

मग ठरलें ऐसें कीं, रुसले तर कोणी जाऊं नये, पाहूंही नये. आणि सरळ तोंडानें कांहीं बोलले तर तत्क्षणीं हातचें काम टाकून जवळ जावें. आधीं नुसतें 'हूं' पुरें, मग शब्द, मग सबंध वाक्य. शिंगरूं एका दिवसांत कोठें रिंगण धरतें? सरकारांनीही रुकार दिला. दोन दिवस बरे गेले आणि तिसरे दिवशीं राव नगारखान्यावर चढले, पगडी खालीं भिरकाविली आणि संन्यास घेऊन काशीस जातों म्हणोन ओरडले. दरबार चळचळां कांपला. गोजराबाई म्हणाली, "इझताना दिवा मोठा व्हतो. बसा गप."

सर्व बसले, परंतु एकास राहवलें नाहीं. तो कोण? तर हें लिहिणारा. खोटें कशास लिहावें? धोतराच्या सोग्यांत पांच पेढे घेऊन हळूच जिना चढलों. रावांनी माझा हात धरून सूर्यास्तापर्यंत सोडिला नाहीं, आणि पुढें दहा दिवस नगारखान्यावरून उतरले नाहींत. गोजराबाई मला म्हणाली, "कारकूनबाबा, लई येळ रुसलं की कुनीतरी येतंच, ह्ये तुमी शिकवलंत त्यास्नी." मी कान धरिले आणि सर्व प्रथमपासून सुरू जाहलें.

पुढें एके दिवशीं पानावर बसले असतां राव इतकेंच बोलले, "मीठ." तों बाईसाहेब स्वतः मीठ घेऊन धांवल्या आणि शेजारीं बसोन इतक्या गोष्टी केल्या कीं वरण गार जाहलें. आठां दिवसांनी म्हणाले, "आज पालखी नको, चालावेंसें वाटतें." मग कारभारी संगें चालले, भटजी धापा टाकीत संगें चालले, आणि राव खळखळून हंसले. तें हंसणें या राज्यांत कोणीं ऐकिलेंच नव्हतें! त्या पंधरवड्यांत चिंचोके चार.

मग दसरा आला. वकील बसले आणि बैठका घालणाऱ्या फरासाच्या चुकीनें रावांची बैठक कारभाऱ्यांच्या खालीं पडली. राव लाल जाहले, पगडी काढिली, तोंड अर्धें भिंतीकडे वळलें. पडद्याआड बाईसाहेबांनी गोजराबाईचें मनगट ऐसें धरिलें कीं बांगड्या वाढल्या. सरकार जागचे हालले नाहींत. मग रावांनी पगडी पुन्हा घातली, तोंड फिरविलें आणि म्हणाले, "सरकार, मला वाईट वाटलें. मला आपल्याजवळ बसायचें आहे." वाक्य संपलें न संपलें तों सरकार गादीवरून उतरले आणि त्याच खालच्या बैठकीवर जावयाशेजारीं बसले. वकिलांस वाटलें कीं येथील रीतच ऐसी, म्हणोन तेही खालीं सरकले. पडद्याआडून रडणें आणि हंसणें एकदम ऐकूं आलें.

सरकार हळूच म्हणाले, "अहो, या सात वर्षांत कधीं न रुसतां बोलाविलें असतें तर आलों नसतों का?"

राव म्हणाले, "पहिल्या वर्षीं बोलाविलें होतें. तीन वेळां. आपण कामांत होतां."

 सरकार जावयाचा हात हातीं घेऊन म्हणाले, "तर उद्यांपासून कामांतच या."

येणेंप्रमाणें रुसवा उतरला, बाईसाहेबांचा संसार राहिला, आणि माणूस बोलतां क्षणींच मान वर करून पाहण्याची दरबारास जी खोड लागली ती आजतागायत सुटली नाहीं. घडलें तें इतकें. उणें राहिलें असेल तें वाचणारानें आपल्या घरीं पाहून भरावें.