सांबरसरांचं शिफारसपत्र

एका जंगलात मोबाइलचा टॉवर आला, आणि तिथल्या थोरामोठ्यांना अचानक तरुण पिढीची काळजी वाटू लागली.

बाळांनो, त्याआधी वाटत नव्हती असं नाही. पण त्याआधी काळजी करायला चालत जावं लागायचं. आता ती झाडाखाली बसल्या बसल्या करता येऊ लागली.

मग 'उगवती पावलं' नावाची योजना निघाली. दहावी-बारावीच्या पिल्लांना कोणतं कॉलेज, कोणतं करिअर, हे अनुभवी प्राण्यांनी ऑनलाइन समजावून सांगायचं. अनुभवी म्हणजे कोण? निवृत्त. एवढीच अट होती.

त्या जंगलात तरसाची एक मुलगी राहायची. तिचं नाव भिवरा. ती बारावीत होती. तरसाच्या घरात हाडं असायचीच. बाकीचे ती फोडून खायचे. भिवरा ती एकमेकांना जुळवून बघत बसायची. मागच्या वर्षी चितळाच्या एका पाडसाचा पाय मोडला. अख्ख्या जंगलात हाड बसवणारं कोणी नव्हतं. पाडस जन्माचं लंगडं झालं. तेव्हाच भिवराने ठरवलं, डोंगरापलीकडच्या अस्थिविद्यालयात शिकायचं आणि इथे परत यायचं.

विद्यालयात या जंगलासाठी एकच जागा होती. अर्जाला मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागत होतं. मुदत अमावास्येपर्यंत.

भिवराच्या वाट्याला सांबरसर आले. सांबरसर तीस वर्षं पाणवठा समितीचे अध्यक्ष होते. समोर तरस असणार म्हटल्यावर ते दचकले. ऑनलाइन असणार हे कळल्यावर म्हणाले, "माझ्या मनात भेदभाव अजिबात नाही."

पहिली भेट झाली.

"सर, मला हाडांचं शिकायचंय. त्यासाठी..."

"थांब बेटा. घाई नको. आधी ओळख करून घेऊ."

ओळख सांबरसरांची होती. ती चाळीस मिनिटं चालली. मग त्यांनी विचारलं, "काही शंका?" आणि उत्तर यायच्या आत फोन बंद केला.

दुसऱ्या भेटीत कलचाचणी झाली. प्रश्न सांबरसरांनी स्वतः काढले होते. वाटेत हाड दिसल्यास तुम्ही काय कराल? अ, खाईन. ब, पुरून ठेवीन. क, उचलून बाजूला टाकीन. भिवराने नाइलाजाने 'क' लिहिलं.

"स्वच्छता विभाग!" सांबरसर खूश झाले. "बघ, किती अचूक चाचणी आहे. तुझ्या आजोबांचंही हेच आलं असतं."

"सर, हाड जोडीन असा पर्यायच नव्हता."

"अगं, सगळे पर्याय दिले तर कल कसा कळणार?"

भिवराचं डोकं तापलं. आईने मागून तिची शेपटी ओढली. "वाद घालू नकोस गं. सही त्यांच्याकडे आहे."

मुलांनो, हे वाक्य तुम्हीही घरी ऐकलं असेल. जंगल कुठलंही असो, आया ते बरोबर याच वेळी म्हणतात.

तिसऱ्या भेटीत सरांनी पाणवठ्याचा इतिहास सांगितला. चौथ्या भेटीत तोच सांगितला, कारण तिसऱ्या भेटीत माइक बंद राहिला होता. पाचव्या भेटीत भिवराने सरळ विचारलं, "सर, पत्राचा मसुदा मी लिहून पाठवू का? परवा अमावास्या आहे."

"छे! शिफारसपत्र मी मनापासून लिहितो. तू निश्चिंत राहा."

त्यांनी खरंच मनापासून लिहिलं. चार पानं. पहिल्या पानावर त्यांचं बालपण होतं. दुसऱ्यावर पाणवठ्याचा लढा. तिसऱ्यावर त्यांचे तत्त्वनिष्ठ राजीनामे, जे कोणी स्वीकारले नव्हते. चौथ्या पानाच्या तळाला एक ओळ होती. "भिवरा ही माझी विद्यार्थिनी आहे."

पंधरा दिवसांनी विद्यालयाचं उत्तर आलं. "पत्र वाचून आम्ही भारावून गेलो. आपल्या जंगलाची जागा श्री. सांबर यांना देत आहोत."

भिवरा धावत सांबरसरांच्या कुरणात गेली. ऑनलाइन वगैरे विसरली.

"सर, चूक झालीय त्यांची! कळवा ना त्यांना!"

सांबरसर चार पावलं मागे सरले. "कळवलं असतं गं. पण एखाद्या संस्थेने एवढ्या विश्वासाने दिलेला प्रवेश नाकारणं आपल्या संस्कारात बसत नाही."

"आणि माझं काय?"

"तुझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय बेटा. माझं वय बघ जरा."

असा सांबरसरांनी अस्थिविद्यालयात प्रवेश घेतला. वर्ग ऑनलाइन होते. आता अडचण अशी, की योजनेच्या भेटी त्यांना नातू जोडून द्यायचा आणि नातू शिकायला लांब गेला होता.

"बेटा भिवरा, जरा येऊन हे लावून देतेस का? तेवढाच तुलाही अनुभव."

आई म्हणाली, "जाऊ नकोस, लाज नाही त्यांना." या वेळी भिवरा म्हणाली, "जाते."

ती रोज गेली. वर्ग लावून द्यायची. तिसऱ्या मिनिटाला सांबरसर डोळे मिटायचे. मग ती त्यांच्या मागे बसून ऐकायची. वह्या तिने भरल्या. गृहपाठ तिने केला. विद्यालयाच्या मुख्याध्यापिका गिधाडबाई कधी प्रश्न विचारायच्या, तेव्हा सांबरसरांच्या पाठीमागून उत्तर यायचं. बाई म्हणायच्या, "सांबर, तुमचा आवाज किती तरुण आहे!"

सहामाहीला सांबरसर पहिले आले.

जंगलाला भरून आलं. उतारवयात पहिला नंबर! मंडप पडला. लांडोरीने हार घातला, प्रमाणपत्र दिलं. भिवरा शेवटच्या रांगेत उभी होती.

"आजच्या पिढीला," सांबरसर माइकवर म्हणाले, "सगळं आयतं हवं असतं. त्यांनी माझ्याकडे बघावं!"

सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून ते एक पाऊल पुढे आले. मंचाची फळी सरकली. सर खाली आले. पुढचा पाय मोडला.

एकच गोंधळ उडाला.

"हाडाचं कोणाला कळतं?" रानडुकराने ओरडून विचारलं.

"सरांनाच! पहिले आलेत ना!"

सगळे सांबरसरांभोवती जमले. लांडोर अदबीने म्हणाली, "सर, सांगा ना, आता काय करायचं?"

सांबरसर विव्हळले. "भिवराला बोलवा."

भिवरा आली. तिने पाय चाचपला. हाड नेमकं कुठे सरकलंय ते तिला लगेच समजलं. बांबूच्या कामट्या मागवल्या, वेली मागवल्या. सगळं जवळ मांडलं. आणि ती थांबली. शेजारी पडलेलं प्रमाणपत्र तिने उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या.

"सर, इथे खूर उमटवा."

"काय आहे हे?"

"शिफारसपत्र. 'ही जागा माझी नव्हती. पहिला नंबर भिवराचा आहे, प्रवेशही तिलाच द्यावा.'"

मंडपात कुजबुज झाली. सांबरसरांनी दात आवळले. "बेटा, हा अडवणुकीचा प्रकार आहे!"

"नाही सर. हे करिअर मार्गदर्शन आहे."

"आमच्या वेळी विद्यार्थी..."

"बोलू नका सर. बोललात की हाड हलतं."

मुलांनो, त्या दिवशी जंगलात एक आश्चर्य घडलं. सांबरसर गप्प बसले. न बोलता, न शिकवता, एकही आठवण न सांगता त्यांनी दुसऱ्या पायाचा खूर चिखलात बुडवला आणि कागदावर टेकवला.

भिवराने हिसका दिला. हाड जागेवर बसलं.

आता तात्पर्य लिहून घ्या. परीक्षेत येणार नाही, पण आयुष्यात लागेल.

तात्पर्य: करिअर घडवायचं असेल तर वडीलधाऱ्यांकडे मार्गदर्शन मागायला लाजू नये. फक्त त्यांना कळ लागलेली असताना मागावं. तेव्हा ते थोडक्यात आणि मुद्द्याचं देतात.